मागच्या रांगेतला मानकरी

मैफलीची पत्रिका नीट वाचून पाहा. वर ठसठशीत अक्षरांत गवयाचं नाव, खाली तबल्याला कोण, पेटीला कोण, एखादे वेळी सारंगीला कोण. अगदी शेवटच्या ओळीत ध्वनिक्षेपकवाल्याचे आणि मंडपवाल्याचेही आभार असतात. पण मंचावर सगळ्यांत उंच दिसणारी, सगळ्यांच्या आधी वाजू लागणारी आणि सगळ्यांच्या मागून थांबणारी एक असामी त्या कागदावर कुठेच नसते. तिचीच आज ओळख करून देतो. हे आमचे तंबोरेराव. हल्ली मुक्काम ग्वाल्हेर, मूळ गाव मिरज.

प्रत्येक गाजलेल्या रॉक बँडमध्ये असा एक जण असतो. गाणारा पुढे उड्या मारतो, लीड गिटारवाल्याच्या नावानं किंकाळ्या उठतात, आणि मागे बास गिटारवाला सगळा डोलारा पेलत मुकाट उभा असतो. पोस्टर विकत घेणाऱ्या पोरांना त्याचं नाव पटकन आठवत नाही. आमच्या तंबोऱ्यानं तर खरोखरच्या बँडमध्येही हजेरी लावली आहे. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’मधलं शेवटचं गाणं, ‘टुमॉरो नेव्हर नोज’, सुरू होतं तेच याच्या गुंजनानं. याला तिथे नेलं ते जॉर्ज हॅरिसननं, चौघांतला अबोल म्हणून ओळखला जायचा त्यानं. अबोलाला अबोल भेटला. त्या गाण्यावर आजवर रग्गड लिहून झालंय. ध्वनिफितींच्या करामतींवर लिहिलंय, ढोलावर लिहिलंय. तंबोरा तिथेही बहुतेकदा एका ओळीत आटोपतो.

एवढ्यावरून तुम्हाला वाटेल, स्वारी फार गरीब, फार विनयशील. भलतंच. याच्याइतका मानी प्राणी मंचावर दुसरा नाही. चारचौघांत पुढे पुढे न करणारा माणूस साधाच असतो असं थोडंच आहे? काहींना पुढे येण्याची गरजच वाटत नाही.

आधी रूप बघा. उंची साडेचार-पाच फूट, लांबसडक दांडी, खाली घेरदार भोपळा. भोपळ्याच्या कडेनं आणि दांडीवर नक्षीची वेलबुट्टी. अंगावर तारा मोजून चार. सतारीच्या अंगावर पडदे असतात, तरफांच्या तारा असतात. याला पडदा एकही नाही, कारण याला एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचंच नसतं. लोक आपल्याकडे येतील, ही त्याची खात्री. घरात तो कोपऱ्यात उभा असतो, अंगात गवसणी घालून. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत ही गवसणी पुष्कळदा आजीच्या विटक्या चंदेरीतून शिवलेली असते. येता-जाता त्याला पाय लागला तर आधी नमस्कार, मग बाकीचं. घरातल्या माणसांना लागलेला पाय इतका मनावर घेतला जात नाही.

जन्म मिरजेचा. तिथले शिकलगार पूर्वी तलवारींना धार लावायचे. इंग्रजी अमलात तलवारी म्यानात गेल्या आणि हातातलं कसब रिकामं झालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी ते कसब तंतुवाद्यांकडे वळवलं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. ते खास वाद्यांसाठीच पिकवायचे, वेलीवर पुरते पिकू द्यायचे आणि मग महिनोन् महिने सुकवायचे. म्हणजे आईकडून हा विठोबाच्या मुलखातला आणि बापाकडून शस्त्रास्त्रांच्या घराण्यातला. भक्तिभाव आणि धार, दोन्ही अंगात कुठून आलं ते यावरून कळावं. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सरकारदरबारीही त्याच्या कुळाची नोंद झाली.

ग्वाल्हेरशी त्याचं नातं साट्यालोट्याचं आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांनी शिंद्यांच्या दरबारात घडवलेलं ख्यालाचं गाणं वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना मिळालं आणि बुवांनी ते दक्षिणेत आणलं. पुढे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले ते मिरजेतच. ग्वाल्हेरनं मिरजेला गाणं दिलं आणि मिरजेनं ग्वाल्हेरला तंबोरे पाठवले. या व्यवहारात कोण फायद्यात राहिलं, याचा हिशेब दोन्ही गावांनी कधी मांडला नाही, हे बरंच केलं.

आजही मिरजेहून थेट ग्वाल्हेरला यायचं तर गोवा एक्स्प्रेस आहे. तंबोऱ्याबरोबर प्रवास करणं म्हणजे आजारी राजाला घेऊन निघणं. सामानाच्या डब्यात तो जाणार नाही. बाकाखाली मावणार नाही. वरचा बर्थ त्याचा, भोपळा भिंतीकडे, भोवती उशा आणि चादरी. तिकीट काढलेला माणूस मात्र रात्रभर खाली पाय दुमडून बसलेला. मनमाडला चढलेला एखादा गृहस्थ हमखास विचारतो, “सतार का?” त्या वेळी गवसणीच्या आत काय उलथापालथ होत असेल, त्याची कल्पनाच करावी.

आता स्वभाव. स्वारीला हवामान सोसत नाही, आणि राहायला गाव निवडलं ग्वाल्हेर! मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, लू वाहते, लाकूड सुकून आक्रसतं आणि खुंट्या घसरायला लागतात. मग खुंटीला खडू लावा, पिळून बसवा, पुन्हा लावा. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगतात आणि दोन माणसांना हलत नाहीत. डिसेंबरात तानसेन समारोह भरतो तो हजिऱ्याला, महंमद गौसांच्या भव्य मकबऱ्याशेजारच्या तानसेनाच्या लहानशा समाधीपाशी, उघड्यावर. सकाळी शहनाई होते, ढोलीबुवांची हरिकथा होते, मीलाद होतो. मग रात्र चढते आणि थंडी हाडांत शिरते. थंडीनं तार आखडते, स्वर चढतो. मंचावरच्या दिव्यांची झळ लागली की तीच तार सैलावते, स्वर उतरतो. आत खोलीत तासभर खपून लावलेला तंबोरा बाहेर आल्यावर पाच मिनिटांत तोंड फिरवून बसतो. श्रोते शालींत गुरफटून वाट बघताहेत, निवेदकाकडची विशेषणं संपत आलीत, आणि मोठे नावाजलेले बुवा भोपळ्याला कान लावून तारांतले मणी केसभर वर-खाली सरकवताहेत. कोण कुणाच्या तालावर नाचतं ते त्या वेळी बघून घ्यावं.

ही जुळवणी म्हणजे त्याचा खरा कार्यक्रम, हे परक्यांना एकदा नकळत कळलं होतं. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मदतनिधीची मैफल झाली. सतारीवर पंडित रविशंकर, सरोदावर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि मागे तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवण्यात मिनिट-दीड मिनिट गेलं, हात थांबले, आणि हजारोंच्या त्या गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकरांनी हसत सांगितलं. जग या गोष्टीवर पन्नास वर्षं हसतंय. तंबोऱ्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नसणार.

रागांच्या बाबतीतही त्याच्या अटी ठरलेल्या. दुसरी आणि तिसरी तार जोडाची, षड्जाची. चौथी खर्जाची, जाड, पितळेची. या तिघींना कुणी हात लावायचा नाही. पहिली तेवढी सवलतीची. एरवी ती पंचमात. मालकंस गायचाय? त्यात पंचम नाही, म्हणून मध्यमाला आणा. मारवा किंवा पूरिया? निषादाला न्या. हे आधी सांगितलं तर ठीक. एखाद्या उत्साही गवयानं भूपानंतर श्रोत्यांच्या फर्माइशीवर अचानक मालकंस जाहीर केला की तंबोरा तिथल्या तिथे वेळ मागून घेतो. फर्माइश करणारा खुर्चीत चुळबुळतो. त्याला वाटतं, उशीर गवयामुळे होतोय.

बरं, मंचावर तो एकटा येत नाही. ग्वाल्हेरचं गाणं मोकळ्या, भरदार आवाजाचं; त्याला दोन्ही खांद्यांमागे एक-एक तंबोरा लागतो. ही जोडी म्हणजे एकाच घरात दिलेल्या दोन जावा. वेगवेगळ्या असताना दोघी गुणाच्या. एकत्र आल्या की आधी दोघींचं जमवावं लागतं, मगच घरात काही शिजतं. एकीचा जोड केसभर जरी चढा राहिला तरी हवेत लाटा उठायला लागतात आणि गवयाच्या कपाळाची शीर दिसू लागते. जमलं की मात्र कोणता आवाज कोणाचा ते सांगता येत नाही.

त्याचं खरं गुपित जवारीत आहे. तारा ज्या घोडीवरून जातात ती सपाट किंवा टोकदार नसते, तिला अगदी हलका उतार असतो. त्या उतारावर तारेखाली साध्या सुताचा किंवा रेशमाचा दोरा सरकवायचा. एका नेमक्या जागी तो पोहोचला की आतापर्यंत मठ्ठ वाजणारी तार एकदम झणाणते, बोलायला लागते. त्या जागेला माप नाही. जवारी घासणाऱ्या कारागिराच्या बोटांना ती कळते आणि दोरा सरकवणाऱ्याच्या कानांना. पाच फुटांच्या या दिमाखदार इसमाचा सगळा आवाज अर्ध्या पैशाच्या दोऱ्यावर अवलंबून आहे, ही गोष्ट तो चारचौघांत निघू देत नाही.

या दोऱ्यानं एका शास्त्रज्ञालाही विचारात पाडलं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पुस्तकी नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर उमटू नयेत. तंबोऱ्यात ते खुशाल उमटतात. रामन यांनी दाखवलं, की ही करामत त्या उताराच्या घोडीची. तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहते आणि प्रत्येक स्पर्शानं वरचे उपस्वर जागे होतात. युरोपातल्या नामांकित भौतिकज्ञांचा नियम मिरजेच्या कारागिरानं दोरा सरकवून मोडला होता, तोही कोणाला न विचारता.

त्या उपस्वरांमुळेच याच्यापाशी एक चमत्कार आहे. चार तारांत गंधार कुठेच लावलेला नसतो. तरीही तंबोरा चोख लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, स्पष्ट, न छेडलेला. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाच्या पाचव्या उपस्वरातून तो येतो, असं शास्त्र सांगतं. गवई मात्र तो ऐकू आला की डोळे मिटतो आणि पहिला ‘आ’ लावतो, कारण आता त्याला शोधाशोध करायची नसते. बसायला जागा तयार असते.

याच गंधारावरून तंबोऱ्याचं पेटीशी जुनं वाकडं. आणि पेटी तर ग्वाल्हेरची लाडकी. जयाजीराव शिंदे आणि चंद्रभागाबाई यांचे पुत्र भय्या गणपतराव यांनी या परदेशी बाजाला ठुमरी बोलायला शिकवलं. त्यांच्या बोटांखाली ती गळ्यासारखी वळायची, असं जुने लोक सांगत. मान्य. पण पेटीचे स्वर कारखान्यातून समान अंतरांवर कापून येतात. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर तिचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा पडतो. श्रोत्यांना कळत नाही, तंबोऱ्याला कळतं. तो भांडत नाही, फक्त आपला गंधार वाजवत राहतो. १ मार्च १९४० पासून रेडिओनं पेटीला बंदी घातली, ती ३० वर्षांहून अधिक काळ टिकली. त्या काळात तंबोरा मात्र रोज स्टुडिओत जात होता. त्याच्यावर बंदी घालावी असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्यासाठी तो आहे हे आधी लक्षात यावं लागतं.

त्याचे सेवेकरीही बिननावाचे. मागे बसून तंबोरा छेडायचा मान शिष्याचा. मधल्या बोटानं पंचम, मग तर्जनीनं उरलेल्या तीन, आणि पुन्हा पंचम. नखानं नव्हे, बोटाच्या पेरानं. ऐकायला सोपं वाटतं. तीन तास करून पाहा. जांभई द्यायची नाही, पाय मोकळे करायचे नाहीत, गुरुजींची तान अंगावर आली तरी हात हलता कामा नये. सगळ्यांत अवघड म्हणजे शेजारी तबल्यावर द्रुत तीनताल घुमत असताना त्याच्या ठेक्यात सापडायचं नाही. नवखा हमखास सापडतो. तंबोरा तालात वाजायला लागला की गवई मान न वळवता हात मागे करून दोन बोटं हलवतो. शिष्याचे कान तापतात. पण गाणं शिकायची याहून जवळची जागा नाही. गळ्यातून स्वर बाहेर पडायच्या आधी पाठीच्या कण्यात काय हालचाल होते, ते फक्त तिथूनच दिसतं. कित्येक नामवंत आधी तंबोऱ्यामागे बसलेले असतात.

गावानं बाकीच्यांचे लाड मनापासून केले. सरोदाला तर जिवाजीगंजात चक्क स्वतःच्या नावाचं घर आहे. हाफिज अली खाँसाहेबांची वडिलोपार्जित वास्तू आता ‘सरोद घर’ म्हणून संग्रहालय झाली आहे. तबल्यासाठी २०२३च्या डिसेंबरात किल्ल्यावर १,२८२ वादक एकाच वेळी बसले आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मानलं. फलक लागले, चौकाचौकांत वाद्यांची चित्रं झळकली. तंबोऱ्यांचा विक्रम करावा असं कोणी सुचवलेलं नाही, आणि सुचवूही नये. हजार तंबोरे एका सुरात लावायचे म्हटलं तर शेवटचा जुळेपर्यंत पहिला उतरलेला असेल आणि गिनीजचे परीक्षक निवृत्त झालेले असतील.

अलीकडे त्याला एक प्रतिस्पर्धी आला आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. छोटं खोकं, थंडी नाही, लू नाही, वरचा बर्थ नाही. आता तर तोही मागे पडून मोबाइलात अ‍ॅप आलं. रियाझाला ते फार सोयीचं, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. भाड्याच्या एका खोलीत राहून शिकणाऱ्या पोरीला मिरजेची जोडी कुठून परवडणार? पण मोबाइलमधला तंबोरा मध्येच फोन घेतो. विलंबित ख्यालाच्या ऐन आलापीत पंचमाच्या जागी कर्जाची ऑफर वाजू लागली की कोपऱ्यातल्या गवसणीत समाधानाची हालचाल होते, असं मला तरी वाटतं.

त्याचा मान कशात आहे ते किशनगड शैलीतल्या एका प्रसिद्ध चित्रात पाहावं. अठराव्या शतकातलं चित्र, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं. वृंदावनात स्वामी हरिदास गाताहेत, समोर तानसेन बसलाय आणि अकबर बादशहा उभा आहे. तंबोरा आहे हरिदासांच्या खांद्याला टेकलेला. हिंदुस्थानचा बादशहा उभा आणि स्वारी आरामात रेललेली! याला उपेक्षित म्हणून हळहळायचं कशाला? मंचावरचा जो तो त्याच्याकडे कान लावून असतो. गवई भरकटला तर याच्याकडे परततो, पेटीवाला चुकला तर याच्यापुढे उघडा पडतो, तबलजी आपला षड्ज याच्याकडून मागून घेतो. सगळे श्रोत्यांची दाद घ्यायला बसलेले असतात. दाद न देणारा आणि न मागणारा हा एकटाच, म्हणून शेवटी त्याचंच मत ग्राह्य धरावं लागतं.

ओळख झाली आहे तर पुढच्या डिसेंबरात हजिऱ्याला या. मंचाच्या समोरची खुर्ची सोडा, बाजूला मागच्या अंगाला बसा आणि वेळेआधी पंधरा मिनिटं या, निवेदक माइक धरायच्या आत. चारही तारा जमून दोन्ही तंबोरे एक झाले की तुमच्या शेजारचे लोक अजून मोबाइल बंद करत असतील; त्यांच्याकडे न बघता खुशाल टाळ्या वाजवा. लोक हसतील. हसू द्या. न्यूयॉर्ककरांनाही हसले होते, पण त्या दुपारी पहिला मान कोणाला द्यायचा ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं.